तोंडी रिपोर्ट

मॅडम मला आवडत नव्हत्या. आजही आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणाला वाटायचं की शेवटी ही बाई गुरुमाउली निघणार आणि मी तिच्या पाया पडणार. तसलं काही होणार नाही.

मी निपाणीकडची. एमबीबीएस हुबळीला झालं आणि एमडीला पॅथॉलॉजीची जागा मिळाली ती बेंगळुरूत, एका मोठ्या विद्यापीठाच्या हॉस्पिटलात. घरी सगळ्यांना वाटलं, पोरगी आता दवाखाना टाकणार. पॅथॉलॉजी म्हणजे काय हे समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. "म्हणजे तू पेशंट बघणारच नाहीस?" आईने विचारलं. पेशंट नाही, पेशंटचा तुकडा बघणार, असं मी म्हटलं. "कप्पाळ माझं," म्हणून ती भाकऱ्या थापायला लागली.

मल्लेश्वरममध्ये एका पीजीत राहायचे, सकाळी मेट्रो आणि पुढे बस. विभागात पाय ठेवला की फॉर्मलिनने डोळे चुरचुरायचे. त्याची सवय झाली. मॅडमची झाली नाही. त्या आमच्या युनिटच्या प्रमुख, बसवनगुडीच्या जुन्या घरातल्या, नेसणं कडक, बोलणं त्याहून कडक. माझं कन्नड म्हणजे आमच्या सीमेवरचं, खणखणीत. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "तू बोलतेस की भांडतेस?" सगळे फिदीफिदी हसले. तेव्हापासून मी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलले, आणि इंग्रजीत मला नीट भांडता येत नाही. त्यांना तेच हवं होतं बहुतेक.

आमचं काम थोडक्यात सांगते. सुईने काढलेला तुकडा असो की ऑपरेशनमध्ये काढलेला अख्खा अवयव, फॉर्मलिनच्या डब्यात घालून आमच्याकडे येतो. रेसिडेंटने तो फळीवर घ्यायचा, मापायचा, कापायचा, आणि लहान तुकडे जाळीच्या प्लॅस्टिक डब्यांत भरायचे. डबीवर नंबर पेन्सिलीने घालायचा, कारण पेनाची शाई पुढच्या रसायनांत उडून जाते. मग तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसतो. त्या ठोकळ्याला आम्ही ब्लॉक म्हणतो. ब्लॉकचे पातळ पापुद्रे काढून काचेवर घेतले, रंगवले, की झाली स्लाइड. रेसिडेंट ती आधी बघून कच्चा रिपोर्ट लिहितो. मग मॅडम बघतात, सही करतात, आणि सही झाल्यावरच रिपोर्ट विभागाबाहेर जातो. म्हणजे जायला हवा.

फळीवरचा एक नियम पहिल्या दिवशीच डोक्यात ठोकतात. सुईचे बारीक तुकडे आधी, मोठे अवयव नंतर. आणि दर केसनंतर फळी धुवायची, चिमटा पुसायचा, ब्लेड बदलायचं. नाहीतर एका पेशंटचा कण चिमट्याला चिकटून दुसऱ्याच्या डबीत जातो. तुरीच्या डाळीत एखादा हरभरा जावा, तसा. फरक एवढाच की इथे तो कण कॅन्सरचा असू शकतो.

आणि नियम मोडला तर शनिवार. दर शनिवारी सकाळी मॅडम सगळ्या युनिटला बसवायच्या, आणि ज्याची चूक झाली त्याने उभं राहून ती स्वतःच्या तोंडाने सांगायची. "चूक झाली" असं म्हटलेलं चालायचं नाही. "मी केली" म्हणायचं. कुणी "चुकून राहून गेलं" म्हटलं की त्या मध्येच तोडायच्या, "राहून गेलं नाही, तू ठेवलंस. परत सांग." मी तोवर दोनदा उभी राहिले होते. एकदा नंबर उलटा लिहिला म्हणून आणि एकदा माप सेंटिमीटरऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिलं म्हणून. दुसऱ्या वेळी तर त्यांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. तिसऱ्यांदा उभ्या राहिलेल्याच्या थीसिसवर सही रखडते, असं सीनियर सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण मला घाम फुटायला तेवढं पुरे होतं.

त्या गुरुवारी सकाळीच मॅडमनी माझा एक रिपोर्ट टेबलावर आपटला. "हे कोणी लिहिलं? शाळेतल्या मुलीने?" रिपोर्टात चूक नव्हती, त्यांना वाक्य आवडलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच रागारागाने मी फळीपाशी आले. कॅन्सरसाठी काढलेला एक अख्खा स्तन डब्यात होता, तो पहिला घेतला. आधी बारीक तुकडे घ्यायचे, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण मला मोठं काहीतरी कापायचं होतं. मनातल्या मनात मॅडमना उत्तरं देत मी भराभर कापलं, डब्या भरल्या, आणि फळीवर पाण्याचा एक हात फिरवला. चिमटा पुसला नाही. मग त्याच चिमट्याने पुढच्या केसच्या डब्यातून सुतासारखे चार तुकडे उचलले. कागदावर लिहिलं होतं: वय एकतीस, उजव्या स्तनात गाठ, बाळ सात महिन्यांचं, अंगावर पितं.

शनिवारी त्या चार तुकड्यांची स्लाइड हातात आली. तुकड्यांत दूध देणाऱ्या स्तनात दिसतात तशा फुगलेल्या ग्रंथी होत्या, आणि शेवटच्या तुकड्याच्या टोकाशी बारीकसा कण. त्या कणात कॅन्सर. इतका स्पष्ट, की पहिल्या वर्षाच्या मुलालाही ओळखता यावा. मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. सात महिन्यांच्या बाळाच्या आईला कॅन्सर सापडला आणि मला आनंद झाला, कारण तो मी शोधला होता. कच्चा रिपोर्ट मी ठसठशीत अक्षरात लिहिला.

तेवढ्यात फोन आला. सर्जरीचा रेसिडेंट, नागपूरचा. त्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात आम्ही दोघंच एकमेकांशी मराठीत बोलायचो, म्हणून तो हक्काने फोन करायचा. "त्या बाळंतिणीचा रिपोर्ट काय करून राहिला? सर मागे लागले माझ्या. तोंडी सांगून दे ना."

तोंडी रिपोर्ट द्यायचा नाही, असा कडक नियम. आणि तोंडी रिपोर्ट सगळेच द्यायचे. सर्जरीवाल्यांना घाई असते, आणि आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय ही चव रेसिडेंटला फार क्वचित मिळते. "कॅन्सर आहे," मी म्हटलं. "सही सोमवारी होईल, पण आहेच." त्याने थँक्स म्हणून फोन ठेवला. मी डब्यातलं उप्पीट खाल्लं.

सोमवारी मॅडमसमोर बसले. आमच्याकडे दोन बाजूंनी बघता येतं असा मायक्रोस्कोप होता. त्या स्लाइड फिरवणार, मी समोरून तेच बघणार. त्या शेवटच्या तुकड्यापाशी आल्या, कणावर थांबल्या. फोकसचं चाक त्यांनी जरासं वर नेलं, खाली आणलं, परत वर नेलं. मग विचारलं, "तुझं मत?"

"कॅन्सर, मॅडम."

"परत बघ," त्या म्हणाल्या. "घाई करू नकोस. बघून झालं की मला येऊन सांग." त्यांनी स्लाइड माझ्याकडे सरकवली, माझा कच्चा रिपोर्ट स्वतःच्या ट्रेमध्ये ठेवला, आणि पुढची केस घेतली.

दुपारी मी परत बघितलं. चाक त्यांच्यासारखंच फिरवलं. चार तुकडे नीट दिसत होते तेव्हा तो कण अस्पष्ट होता, आणि कण नीट दिसायला लागला की तुकडे पुसट व्हायचे. तो त्यांच्या पातळीत बसलेलाच नव्हता. शेजारी सगळीकडे दुधाच्या फुगलेल्या ग्रंथी, आणि कणाभोवती त्यातलं काही नाही. मी गुरुवारची वही काढली. या केसच्या आधीचा नंबर त्या अख्ख्या स्तनाचा. त्याची स्लाइड काढून शेजारच्या मायक्रोस्कोपवर लावली. तोच कॅन्सर, हुबेहूब. या बाईला काही झालेलं नव्हतं. तिची गाठ दूध पाजणाऱ्या बायकांना होते तशी साधी गाठ होती. कॅन्सर मी तिच्या डबीत टाकला होता, माझ्या चिमट्याने.

तेव्हा काय करायला हवं होतं ते कुणालाही कळेल. मॅडमकडे जायचं आणि सांगायचं. मी उठले, त्यांच्या दारापर्यंत गेले. आत त्या कुणाला तरी झापत होत्या. मी स्लाइड त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली आणि परत आले. मनाला म्हटलं, सही कुठे झालीय? सही नाही म्हणजे रिपोर्ट नाही. उद्या सांगू.

आणि तो फोन? फोनची मला आठवणच राहिली नाही, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. साफ खोटं. आठवण होती. नागपूरवाल्याचा नंबर मी काढलासुद्धा. पण त्याला "थांब" म्हटलं की तो "का" विचारणार, का ते सांगितलं की संध्याकाळपर्यंत मेसमध्ये सगळ्यांना कळणार, आणि शनिवारी मी उभी. मी फोन पर्समध्ये टाकला.

मंगळवार गेला. मॅडमनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. येता-जाता त्या माझ्याकडे बघायच्या, चष्म्याच्या वरून. मला वाटायचं, विचारा ना एकदाचं! तुम्ही विचारलंत तर मी सांगेन. त्या विचारायच्या नाहीत. जळत्या निखाऱ्यावर बसल्यासारखा दिवस काढला मी.

बुधवारी सकाळी नागपूरवाल्याचा फोन. "अगं, सहीचा रिपोर्ट दे ना लवकर. सोमवारी ओपीडीत सरांनी तिला सांगितलं. दूध बंद करायच्या गोळ्या सुरू झाल्या तिच्या. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला घेऊन राहिलो."

मी फोन कानाला तसाच धरून मॅडमच्या खोलीत शिरले. दार वाजवलं नाही. "मॅडम, तो कण तिचा नाही," मी म्हटलं. "आधीच्या केसचा आहे. मी चिमटा पुसला नव्हता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मला सोमवारीच दिसलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तू कधी येतेस ते बघत होते. दोन दिवस लागले तुला."

बघत होते! माझा तोल गेला. इंग्रजी कुठल्या कुठे पळालं आणि मी माझ्या त्या भांडखोर कन्नडमध्ये सुरू झाले. तुम्हाला दिसलं होतं तर तुम्ही गप्प का बसलात? मला धडा शिकवायला? इथे एका बाईचं दूध आटवलंय, तिला पुढच्या आठवड्यात कापायला घेणार आहेत, आणि तुम्ही इथे बसून माझी परीक्षा घेताय? माणूस आहात का कोण आहात? बाहेर टायपिस्टचं टकटक थांबलं. तीन वर्षांत मी त्यांना जे जे बोलले नव्हते ते सगळं बोलले.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. "कापायला घेणार आहेत?" त्यांनी विचारलं. "रिपोर्ट तर माझ्या ट्रेमध्ये आहे. तिला सांगितलं कोणी?"

कानाशी फोन अजून चालूच होता, आणि त्यातून नागपूरवाला "हॅलो, हॅलो" करत होता. मॅडमनी हात पुढे केला, फोन घेतला, आणि त्याला सांगितलं की ऑपरेशन थांबवा, गोळ्या आत्ता थांबवा, त्या बाईला कॅन्सर नाही. मग फोन माझ्या हातात देऊन त्या स्वतः उठून ब्लॉक काढायला गेल्या. तंत्रज्ञाच्या शेजारी उभं राहून त्यांनी आणखी खोलवरचे पापुद्रे काढून घेतले. दुपारी आम्ही दोघींनी ते बघितले, एकाच मायक्रोस्कोपवर. चारही तुकडे स्वच्छ. कण पुढच्या पापुद्र्यांत नव्हताच. त्यांनी लगेच सही केली.

शनिवारी मी उभी राहिले. मी चिमटा पुसला नाही. मी क्रम मोडला. मी तोंडी रिपोर्ट दिला. सगळं "मी, मी" म्हणत, त्यांना हवं तसं. "आणि बुधवारी माझ्या लक्षात आल्यावर मी मॅडमना सांगितलं," मी म्हटलं. मॅडमनी मान वर केली. मी सरळ त्यांच्याकडे बघितलं. त्या दुरुस्ती करतील असं वाटलं, "लक्षात सोमवारी आलं, परत सांग" असं म्हणतील. त्या काही म्हणाल्या नाहीत. माझा सोमवार काढला असता तर त्यांचाही निघाला असता. "बस," एवढंच म्हणाल्या, आणि दोघींनी सोमवार गिळून टाकला. त्या क्षणी मला त्यांचा जितका तिरस्कार वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता. स्वतःबद्दल काय वाटलं ते बघायला मी थांबले नाही.

पुढच्या आठवड्यात खिडकीवरच्या क्लार्क अण्णांनी मला हाक मारली. "डॉक्टरे, तुमच्याकडचं कुणी आलंय. मराठी." खिडकीशी एक बाई उभी होती, पोटाशी झोळीत बाळ. जे. पी. नगरहून आली होती. ब्लॉक न्यायचे होते तिला, दुसरीकडे दाखवायला. पेशंटला तो हक्क असतो, रेसिडेंटने वहीत नोंद करून ब्लॉक द्यायचे असतात. नंबर बघितला. त्या गुरुवारच्याच केसचा.

"रिपोर्ट नॉर्मल आहे ना तुमचा?" तरी मी विचारलं.

"आधी कॅन्सर म्हणाले, मग नाही म्हणाले," ती म्हणाली. पुण्याचं मराठी, आवाज दमलेला. "मी कुणावर विश्वास ठेवायचा? आय जस्ट वाँट अनदर ओपिनियन. आणि दूध परत येईल का हो? याला बाटली कळत नाही. पितो आणि ओकतो. अंगाशी घेतलं की दोन मिनिटं ओढतो आणि रडतो."

"गायनॅकला विचारा," मी म्हटलं. मग राहवेना. "चूक आमच्याकडून झाली," असं तोंडून निघालं आणि मी थांबले. तीन वर्षांचे शनिवार असे अंगात मुरतातच. "मी केली. दुसऱ्या पेशंटचा कण तुमच्या डबीत गेला, माझ्या हातून. आणि सर्जरीला फोनवर मीच सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडेल असं वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ते सहन होईना, आणि मी काय केलं माहितीये? मॅडमना पुढे ढकललं. "आमच्या मॅडमना सोमवारीच दिसलं होतं," मी म्हटलं. "त्यांनी बुधवारपर्यंत कुणाला सांगितलं नाही."

"सोमवारी," ती म्हणाली. "आणि तुम्हाला?"

अण्णा रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले होते. मागे कुणीतरी "स्वल्प सरका" म्हणत होतं. बुधवारी, असं म्हणायला तोंड उघडलं. तेच तर म्हटलं होतं सगळ्यांसमोर.

"सोमवारी," मी म्हटलं. "दुपारी."

ती अगदी सावकाश म्हणाली, "सोमवारी संध्याकाळी आम्ही गोळ्या आणल्या. मला घ्यायच्या नव्हत्या. मी नवऱ्याला म्हणत होते, एकदा फोन करून खात्री करूया. तो म्हणाला, डॉक्टर उगाच कशाला सांगतील. पहिली गोळी मी मंगळवारी सकाळी घेतली."

मी वही तिच्यापुढे सरकवली. तिने सही केली, ब्लॉकची पुडी पर्समध्ये ठेवली. तेवढ्यात बाळ जागं होऊन रडायला लागलं. तिचा हात सवयीने कुर्त्याच्या बटणाकडे गेला, तिथे थांबला, आणि मग तिने पिशवीतून बाटली काढली.